लसीच्या दिवशी बाळाचं कोपर पाहा



गेल्या महिन्यात कंबरदुखीवर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आहेत, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात देईन. या वेळी एका वेगळ्या दुखण्याविषयी लिहिते आहे. हे दुखणं फार घरांत होत नाही. पण ज्या घरात होतं तिथे पहिले तीन-चार महिने कुणाचं ऐकायचं हेच कळत नाही, आणि नेमके तेच महिने मोलाचे असतात.

चार वर्षांपूर्वी, रमजानच्या आधी काही दिवस, भोर तालुक्यातल्या आंबवड्याहून एका दादींचा फोन आला. त्यांच्या गुडघ्यांसाठी त्या माझ्याकडे यायच्या, म्हणून ओळख. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, नात झालीय. तेवीस दिवसांची आहे. उजवा हात लुळा पडलाय पोरीचा. दवाखान्यात म्हणाले, नस दबलीय, आपोआप येईल. सुईण म्हणते, मी मालिश करून आणते. शेजारीण म्हणते, नजर आहे. आता तुम्हीच सांगा." मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं असेल. त्यांना तो फरक मान्य नाही.

मी विचारलं, बाळ किती वजनाचं होतं? सव्वाचार किलो. बाळंतपण कसं झालं? डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, फार ओढावं लागलं. गरोदरपणात शुगर तपासली होती? हा प्रश्न दादींनी सुनेकडे पोहोचवला. पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "कुणी सांगितलंच नाही."

आंबवड्याहून भोर, भोरहून स्वारगेट, अशा दोन एसट्या बदलून तिसऱ्या दिवशी ती तिघं आली. बाळ, त्याची अम्मी आणि दादी. मुलीचा उजवा हात दुपट्याच्या पट्टीनं छातीशी घट्ट बांधलेला होता. पट्टी सोडली तर हात एका ठरावीक ठेवणीत पडला: खांदा आत वळलेला, कोपर सरळ, तळहात मागे फिरलेला, मनगट दुमडलेलं. इंग्रजी वैद्यकीय पुस्तकांत या ठेवणीला, पाठीमागे हात करून गुपचूप बक्षिशी घेणाऱ्या वेटरची उपमा दिलेली असते. मी टाळी वाजवली. बाळ दचकलं, डावा हात झटकन वर गेला, उजवा जागीच राहिला. पण बोट तळहातावर ठेवलं तेव्हा उजवी मूठ मिटली, हलकीशी. पापण्या दोन्हीकडे सारख्या होत्या. माझा जीव थोडा भांड्यात पडला. का, ते पुढे येईल.

आपल्या मानेतल्या मणक्यांमधून पाच मोठ्या नसा निघतात आणि काखेकडे जाताना एकमेकींत गुंफून एक जाळं तयार करतात. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा, कोपर, मनगट, बोटं, सगळ्यांना हुकूम इथूनच जातो. बाळंतपणात डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या जांघेच्या हाडामागे अडकला, तर मान आणि खांदा यांमधलं अंतर ताणलं जातं, आणि त्याबरोबर ही नसही ताणली जाते. वरच्या दोन नसा सर्वांत आधी ताण घेतात. म्हणून बहुतेक मुलांमध्ये खांदा आणि कोपर जातं, बोटं शाबूत राहतात. यालाच एर्ब्ज पाल्सी म्हणतात. जर्मन डॉक्टर एर्ब यांनी १८७४ साली वरच्या नसांचा हा प्रकार नेमका सांगितला, म्हणून हे नाव. त्याच्या दोन वर्षं आधी फ्रान्समध्ये द्युशेन यांनी जन्मावेळच्या अशा मुलांची नोंद केली होती. हजार बाळंतपणांमागे साधारण एक-दोन बाळांना ही इजा होते.

आता दवाखान्यातलं ते वाक्य घेऊ: "नस दबलीय, आपोआप येईल." हे वाक्य खोटं नाही. दहातली सात-आठ मुलं खरोखरच बरी होतात, काही तर पहिल्या महिन्यातच. नस नुसती ताणली किंवा दबली असेल तर ती पुन्हा काम करू लागते. पण तीच नस आतून फाटली असेल, किंवा मणक्यापासूनच उपटली गेली असेल, तर ती आपोआप नीट जुळत नाही. आणि बाहेरून पाहून, पहिल्या आठवड्यात, यातलं कुठलं झालं आहे ते कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. हात दोन्ही वेळी सारखाच लुळा दिसतो. सांगतो तो फक्त काळ. म्हणून वाट पाहावी लागते. पण वाट पाहणं म्हणजे तारीख मोजत, दर वेळी हात तपासत थांबणं. "येईल, येईल" म्हणत वर्ष घालवणं हे वाट पाहणं नव्हे. आमच्याकडे दीड-दोन वर्षांची मुलं येतात आणि आई म्हणते, "डॉक्टर म्हणाले होते आपोआप येईल, म्हणून थांबलो." तिचा दोष नाही. किती थांबायचं, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

किती थांबायचं, ते मी इथे सांगते. फ्रान्समध्ये गिल्बर्ट आणि तासाँ यांनी अशी पुष्कळ मुलं तपासली आणि एक साधी खूण दिली, ती आजही जगभर वापरतात: बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत कोपर स्वतःच्या ताकदीनं वाकवायला लागलं का? लागलं असेल तर पुढचा मार्ग बहुधा बरा. नसेल, तर नसांची शस्त्रक्रिया करायची का हे ठरवण्याची वेळ आली. काही डॉक्टर तीन महिन्यांनी ठरवतात, काही सहा महिन्यांपर्यंत थांबतात, काही नऊ महिन्यांच्या बाळाच्या हातात बिस्कीट देऊन ते तोंडाशी नेतं का तेही पाहतात. त्यांच्यात मतभेद आहेत आणि राहतील. पण तीन महिन्यांनी तज्ज्ञानं बाळ पाहिलेलं असलं पाहिजे, यावर मतभेद नाही.

तारखा लक्षात राहत नाहीत, हे मला ठाऊक आहे. बाळंतिणीच्या घरात तर दिवस-रात्र कळत नाही. म्हणून मी दादींना लसीचं कार्ड काढायला सांगितलं. सरकारी लसीकरणात बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस असते. ही तीन लसींची भेट म्हणजेच आपल्या हाताची तीन तपासणी. सहाव्या आठवड्याला पाहायचं: बोटं हलतात का, खांदा थोडा तरी उचलतो का. दहाव्याला: कोपरात काही हालचाल दिसते का, बाळ बाजूला झोपवल्यावर, जिथे हाताचं वजन उचलावं लागत नाही. चौदाव्या आठवड्याला: पाठीवर झोपवल्यावर, कपडे काढून, कोपर वाकून हात तोंडाकडे येतो का. येत नसेल तर लस देऊन झाल्यावर घरी न परतता पुढची तारीख घ्यायची, तज्ज्ञाची. आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांनाही हात दाखवायचा. हात झाकून ठेवला तर त्या पाहणार कशा?

चिल्ला पूर्ण होईपर्यंत बाळाला बाहेर काढायचं नाही, असं पुष्कळ घरांत असतं. आई-बाळाला आराम मिळतो, त्यात गैर काही नाही. पण हात हलत नसेल तर चाळीस दिवस थांबू नका. बाळाचा हात जन्मतःच तपासून घ्यावा, गळ्याजवळचं हाड मोडलं आहे का त्याचा एक्स-रे व्हावा, आणि महिना संपेपर्यंत हात पूर्ण बरा झाला नसेल तर या इजेची माहिती असलेल्या डॉक्टरांनी एकदा पाहावं. काही खुणा दिसल्या तर महिनाही थांबायचं नाही: संपूर्ण हातच, बोटांसकट, लुळा असेल, त्याच बाजूची पापणी खाली आली असेल आणि डोळ्याची बाहुली लहान दिसत असेल, किंवा बाळ धापा टाकत असेल. पापणीची खूण म्हणजे नस मणक्याजवळच तुटल्याची शंका. म्हणूनच त्या दिवशी मी आधी पापण्या पाहिल्या होत्या. आणि जन्मल्यावर हात चांगला हलत होता, पण मग ताप, सूज येऊन किंवा हात लावताच बाळ किंचाळून हात हलवायचा थांबला, तर ती ही इजा नव्हे. ते हाडातलं किंवा सांध्यातलं इन्फेक्शन असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या दिवशी माझ्या खोलीत दादी, सून आणि मी अशा तिघी होतो, तरी एकच बाई बोलत होती. सून मान खाली घालून बसली होती. दादींनी सहज म्हटलं, "बाळंतपणात नीट जोर लावला असता तर..." मी त्यांना थांबवलं. खांदा अडकणं आईच्या जोरावर अवलंबून नसतं. बाळ मोठं असणं, आईला मधुमेह असणं, चिमट्यानं किंवा व्हॅक्यूमनं बाळ काढावं लागणं, पायाळू बाळ, यांत धोका वाढतो. पण पुष्कळ बाळंतपणांत यांतलं काहीही नसतं आणि तरी खांदा अडकतो. खांदा अडकला की आईचे गुडघे पोटाकडे घेऊन, ओटीपोटाच्या हाडाच्या वर दाबून, बाळाला फिरवून तो सोडवण्याच्या पद्धती आहेत, आणि त्या प्रशिक्षित माणसालाच येतात. पोटावर वरून जोरात दाबलं तर खांदा उलट अधिक घट्ट अडकतो. हे जेव्हा समोर घडत असतं तेव्हा काही मिनिटांचाच खेळ असतो, आणि बाळ जिवंत बाहेर काढणं हे पहिलं काम. कधी कधी बाळाचा जीव वाचवताना नस ताणली जाते.

मी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. २७ जानेवारी १८५९ ला बर्लिनच्या राजवाड्यात एक बाळ जन्मलं, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा पहिला नातू. पायाळू होतं, मोठ्या कष्टानं काढलं, आणि डावा हात लुळा राहिला. राजवाडा, राजवैद्य, सगळं हाताशी असून. पुढे तो जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म झाला, पहिल्या महायुद्धातला. लहानपणी त्याच्या हाताला काय काय केलं! ताज्या मारलेल्या सशाच्या अंगात हात गुंडाळून ठेवला, विजेचे झटके दिले, लुळा हात वापरावा म्हणून चांगला हात बांधून ठेवला. हात जन्मभर आखूडच राहिला. मोठेपणी त्याचे फोटो पाहा: डावा हात तलवारीच्या मुठीवर, हातमोज्यात, कोटाच्या आड. राजाच्या घरात पैसा होता, लाज मात्र गेली नाही. दादींना ही गोष्ट आवडली. "बादशहाच्या सुनेलाही झालं म्हणायचं," म्हणाल्या, आणि पहिल्यांदा सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

आता मालिश. सुईणीच्या हाताला मी नावं ठेवत नाही, तेल लावून हलक्या हातानं चोळलं तर बाळाला बरं वाटतं. पण "नस मोकळी करते" म्हणून हात ओढणं, झटका देणं, खांद्यातून गोल फिरवणं, बाळाला हातांनी धरून उचलणं, हे अजिबात नको. तसंच हात छातीशी बांधूनही ठेवायचा नाही. पहिले आठ-दहा दिवस, किंवा हाड मोडलं असेल तर सुमारे तीन आठवडे, हाताला विश्रांती द्यायची. पुढे मात्र हालचाल द्यायलाच हवी. एके काळी अशा मुलांचा हात वर उचललेल्या स्थितीत पट्ट्यांनी बांधून ठेवायचे. त्यानं खांदे आखडले, ती रीत डॉक्टरांनीच सोडली.

सगळ्यात महत्त्वाची हालचाल एकच आहे आणि ती प्रत्येक आईनं फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवावी. बाळ पाठीवर. एक हात त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर, म्हणजे पाठीच्या वरच्या त्रिकोणी हाडावर, तो फिरू नये म्हणून. दुसऱ्या हातानं बाळाचं कोपर काटकोनात वाकवून कुशीला चिकटवायचं आणि मग पंजा हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायचा, दार उघडल्यासारखा. जिथे अडेल तिथे थांबायचं, दहा मोजायचे, सोडायचं. दुखवायचं नाही. मग कोपर वाकवणं-सरळ करणं, हाताचा पंजा उपडा-उलथा करणं, मनगट, बोटं. लंगोट बदलताना दर वेळी. वेगळा वेळ काढायची गरज नाही, नाहीतर कुणी करत नाही. हे का? कारण नस बरी होत असतानाही एक गोष्ट मागे राहते: खांदा आत ओढणारे स्नायू लवकर परत येतात, बाहेर फिरवणारे उशिरा. दोघांची ओढ सारखी नसली की वाढतं हाड वाकडं घडतं, खांद्याचा गोळा मागे सरकतो. पहिल्या वर्षातच तो निखळू शकतो, आणि हे पाहायला साधी सोनोग्राफी पुरते. "खांदा जागेवर आहे का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला विसरू नका. कोपर आलं म्हणून सगळं आलं, असं समजून पालक थांबतात, आणि तीन वर्षांनी खांद्यासाठी येतात.

सहा आठवडे, दहा आठवडे. मुलीची बोटं चांगली चालत होती, मनगट थोडं उचललं. कोपर नाही. चौदाव्या आठवड्याला लस देऊन अम्मी सरळ पुण्याला आली, कार्ड हातात. मी पाठीवर झोपवलं, डाव्या हाताला हलकेच धरलं, उजव्या बाजूला खुळखुळा धरला. मुलगी हसली, खांदा हलला, कोपर सरळच. आम्ही दोघी काही बोललो नाही. मग मी मुंबईच्या डॉक्टरांसाठी पत्र लिहिलं.

हा प्रवास सोपा नव्हता. मुलीच्या अब्बांना शस्त्रक्रिया म्हणताच घाम फुटला. चार महिन्यांच्या बाळाची मान कापायची? त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर असं: पिंढरीच्या मागे एक नस असते, ती काढली तर पावलाच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिरता राहते, चालण्यात काही फरक पडत नाही. ती नस तुकडे करून मानेतल्या फाटलेल्या नसेच्या मधे जोडतात, पुलासारखी. नवीन नस त्या पुलावरून वाढत जाते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत पोहोचायला महिने लागतात. आणि ज्या स्नायूला नसच मिळत नाही तो हळूहळू वाळतो, दीड-दोन वर्षांनी पोहोचलेली नस त्याच्या फारशी कामाची नसते. म्हणून सगळी घाई. नस मणक्यापासूनच उपटली असेल तर जवळची दुसरी, चांगली नस घेऊन जोडतात. प्रत्येक वेळी पूर्ण हात परत मिळतोच असं नाही, आणि कुणी तशी खात्री देत असेल तर सावध राहा.

मुंबईत या क्षेत्रात काम झालेलं आहे. प्लास्टिक सर्जन डॉ. मुकुंद थत्ते आणि मुलांच्या अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. रुजुता मेहता यांनी २०११ साली इंडियन जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरीत जन्मावेळच्या या इजेवर सविस्तर लेख लिहिला, तो अजूनही वैद्यकीय विद्यार्थी वाचतात. परळचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ पासून आहे. हाजी अलीला जियारतीला जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं की तिथेच, रस्त्यापलीकडे, अखिल भारतीय फिजिकल मेडिसिन आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, सरकारी. पुण्यात ससून रुग्णालयात फिजिओथेरपी आणि प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. गावाच्या पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयातल्या लवकर उपचार केंद्राकडे चिठ्ठी मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. फॉर्म भरण्याआधी, दाखल झाल्यावर नव्हे. आणि बाळंतपणाचे कागद, बाळाचं वजन, प्रसूती कशी झाली हे लिहिलेला कागद जपून ठेवा. कुणावर दावा लावायचा म्हणून नव्हे, पुढच्या डॉक्टरला पहिला प्रश्न तोच असतो.

शस्त्रक्रिया पाचव्या महिन्यात झाली. त्यानंतर काही महिने काहीच दिसलं नाही. हा काळ फार वाईट. दादी फोन करायच्या, "काय झालं मग?" मी म्हणायचे, "दिवसाला एक मिलिमीटर, दादी." त्या म्हणायच्या, "मुंगी तरी लवकर पोहोचेल." पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, दुपारी, झोपेतून उठताना मुलीनं डोळा चोळायला उजवा हात उचलला. अर्धाच. अम्मीनं व्हिडिओ पाठवला, तो अंधारात काढलेला, धड दिसत नव्हता. मी तीनदा पाहिला.

आज ती चार वर्षांची आहे. हात आला आहे, पण सगळा नाही. घास तोंडाशी नेते तेव्हा कोपर उंच होतं, बाजूला जातं, तुतारी वाजवणाऱ्यासारखं. खांदा बाहेर फिरवणारा स्नायू अजून कमजोर आहे, म्हणून. डॉक्टरांनी गरज पडली तर पाठीच्या एका स्नायूची जागा बदलून खांद्याला जोड देण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे, घाई नाही. उजवा हात डाव्यापेक्षा थोडा आखूड आणि बारीक आहे. तो तसाच राहणार.

घरात या हातावरून एक अडचण आली, ती आपल्या बऱ्याच घरांत येईल. जेवण उजव्या हातानं. दादी त्यावर ठाम. मुलगी डाव्या हातानं खायला लागली की त्या हात धरून उजवा पुढे करायच्या. मुलगी रडायची, अर्धं जेवण जमिनीवर. गावात येणाऱ्या मौलवीसाहेबांना दादींनीच विचारलं. त्यांनी सांगितलं की उजवा हात मजबूर असेल तर डाव्या हातानं खाण्यात काही हरकत नाही, आणि मुलीला जबरदस्ती करू नका. वुजूत कुणी मदत केली तरी चालतं, तकबीरला हात जितका उठतो तितका उठवायचा. आता जेवणाच्या ताटात दोन्ही हात असतात. भाकरी डावा धरतो, उजवा तोडतो. हे मला व्यायामापेक्षा जास्त आवडतं. दोन हात लागतील असं काम मुलाला मुद्दाम द्या: पीठ मळणं, चेंडू पकडणं, शेंगा सोलणं, पाण्याचा मोठा तांब्या. चांगला हात बांधून ठेवायचा प्रयोग मात्र घरी करू नका. तशी उपचारपद्धती आहे, पण ती थेरपिस्ट ठरवतो, थोड्या वेळासाठी, खेळता खेळता. एक सावधगिरी: काही मुलांना त्या हाताची जाणीव कमी असते. गरम चहा, तवा, इस्त्री लागली तरी कळत नाही. काही बाळं बोटं चावून जखमा करतात. रोज रात्री बोटं पाहा. कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी.

शाळेत घातलं तेव्हा शिक्षिकेनं विचारलं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे का? यावर थोडं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हाताचं अपंगत्व येतं, पण पुष्कळ सवलतींसाठी ते ४० टक्के असावं लागतं, आणि या इजेतल्या सगळ्याच मुलांचं तेवढं भरत नाही. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं मिळतं, पुढे पुन्हा तपासतात. सर्जरीचे कागद आणि आताचे रिपोर्ट घेऊन जा. न मिळालं तर मुलाला कमी लेखलं असं वाटून घेऊ नका. शिक्षिकेला मात्र एवढं नक्की सांगा की मूल आळशी नाही, हात वर करायला त्याला वेळ लागतो.

गेल्या ईदला दादींनी फोटो पाठवला. मेहंदी काढायला बसलेल्या मुली. एका नातेवाईक बाईनं आमच्या मुलीच्या डाव्या हातावर भरगच्च मेहंदी काढली होती आणि उजव्यावर फक्त एक टिकली, "कशाला उगाच." मुलगी रुसून बसली होती. दुसरा फोटो तासाभरानं आला. उजव्या हातावर वेल काढलेली, वाकडी. कुणी काढली म्हणून विचारलं, तर दादींनी स्वतः. चष्मा लावून.

आणि एक बातमी. सून पुन्हा गरोदर आहे. पहिल्या बाळंतपणात खांदा अडकला असेल तर दुसऱ्यात अडकण्याची शक्यता जास्त असते, म्हणून या वेळी पहिल्याच भेटीत तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि जुने कागद दाखवले. शुगरची तपासणी पहिल्या भेटीत झाली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पिऊन दोन तासांनी रक्त, उपाशी असण्याची गरज नाही. दोन तासांनी १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. या वेळी १२६ आलं. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांमध्ये पुन्हा करायची असते, सरकारी केंद्रात ती मोफत आहे. बाळंतपण सिझेरियनची सोय असलेल्या रुग्णालयातच, हे ठरलं आहे. सिझेरियनच करायचं का, ते बाळाचं वजन आणि बाकी सगळं पाहून डॉक्टर ठरवतील.

येत्या महिन्यात तिला चोविसावा आठवडा लागतो. स्वारगेटला येताना शुगरचा नवीन कागद घेऊनच ये, असं तिला सांगून ठेवलं आहे. दादी म्हणाल्या, त्या स्वतः घेऊन येतील.